कुंदाकाकूंचा घसा

कुंदाकाकू मोघे यांची आणि माझी ओळख त्यांच्या शिव्यांमधून झाली. शिव्या कोणासाठी होत्या हे कळायला मात्र पाच मिनिटं लागली.

सिंगापुरात यिशुन भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन मला तीन दिवस झाले होते. रविवारची दुपार होती, खोकी अजून फोडायची होती. शेजारच्या भिंतीतून एकदम एका बाईचा आवाज आला, "अगं वळ! वळ ना, भवाने! मागे बघ, मागे!" मग भांडं आपटल्याचा आवाज. आणि मग, "मेली! संपलं सगळं!"

सिंगापुरात शेजार मराठी निघाला याचा खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण तो शेजार मेला असेल तर आनंद कसा करायचा, हे सुचेना. मी जाऊन दार वाजवलं. एका उंच, वाळक्या गृहस्थांनी दार उघडलं. मी कोण, कशाला आलो, काही न विचारता ते बाजूला झाले आणि म्हणाले, "नेटबॉल आहे. तिसरा क्वार्टर."

आत सोफ्याच्या अगदी टोकावर साठीच्या, बुटक्या, गोलसर बाई बसल्या होत्या. एका हातात स्टीलचं ताट, दुसऱ्यात आमटीचा डाव. टीव्हीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "नवीन ना तू? चप्पल काढ आणि बस. ओरडता येतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे घसा आहे का? तुम्हा आयटीवाल्यांना बहुतेक नसतो. दिवसभर कानात बोळे घालून बसता."

सिंगापूर तो सामना सपाटून हरलं. काकूंनी ताट खाली ठेवलं, चहा टाकला, आणि तो उकळेपर्यंत गोलकीपर मुलीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चहा गाळताना मात्र म्हणाल्या, "पण पोरगी गुणी आहे हं. गुडघा दुखत असताना खेळली. चेहऱ्यावर दिसत होतं." त्या मुलीला त्या कधीही भेटलेल्या नव्हत्या.

मोघेकाका जहाजांची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत होते, हार्बरफ्रंटला ऑफिस. तीस वर्षांपूर्वी मिरजेहून दोघं इथे आले. काकूंनी त्यातली वीस वर्षं एका दाताच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून काढली. "वीस वर्षं मी लोकांना तोंड उघडा म्हणत होते," त्या सांगायच्या, "निवृत्त झाल्यावर स्वतःचं उघडलं." दवाखान्याचा परिणाम असा की त्या खेळाडूंचे पाय कधी बघायच्या नाहीत, दात बघायच्या. पोहण्याची शर्यत सुरू व्हायच्या आधी कॅमेरा एकेकीच्या चेहऱ्यावरून फिरला की काकूंचा निकाल तयार असे. "पाच नंबरची झोपेत दात खाते. शेवटच्या पन्नास मीटरला दमणार." दहातल्या चार वेळा हे खरं ठरायचं, आणि उरलेल्या सहा वेळांचा हिशेब काकू ठेवत नसत.

इथल्या मराठी मंडळातले बाकीचे लोक क्रिकेट बघायचे. काकूंना ते मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, मोठ्या देशाच्या खेळाडूमागे ओरडायला एवढी माणसं असतात की त्यात आपण एक असलो काय, नसलो काय. "इथे बघ. तलवारबाजीच्या पोरी, बोलिंगची पोरं, गोळाफेकवाला तो दाढीवाला. ह्यांच्यासाठी ओरडणारं कोण? आई, बाप आणि मी. त्यातला बाप कामावर असतो."

फायनलला त्या शक्यतो जात नसत. "फायनलला काय, कोणीही येतं. सकाळी नऊच्या हीटला, त्या पहिल्या फेरीला, जो येतो तो खरा." त्यामुळे आसपासच्या देशांच्या स्पर्धा सिंगापुरात भरल्या, की काकू रोज सकाळी पोहे खाऊन, थर्मास भरून, काकांना घेऊन एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, निघत. रिकाम्या स्टेडियममध्ये मधोमध दोघं बसलेली असत. काका पेपर वाचत. काकू ओरडत.

त्यांचं ते ताट गेटवर अडवलं जायचंच. एकदा मी बरोबर होतो. सुरक्षेला असलेल्या माणसाने पिशवीत हात घालून ताट आणि डाव बाहेर काढला.

"आंटी, धिस वन कॅनॉट लाह."

"माय प्लेट. आय ईट इन इट."

"अँड धिस?"

काकूंनी डावाकडे असं पाहिलं, जणू तो पिशवीत आपणहून शिरला होता. "आय ईट ए लॉट," त्या म्हणाल्या.

ताट आत गेलं, डाव गेटवर राहिला. काकूंनी हातातली पाटली काढली आणि तिने दिवसभर ताट बडवलं. संध्याकाळी पाटली लंबगोल झाली होती. ती परत हातात जाईना. काका एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी डाव माझ्या पिशवीत दे. माझी कोणी तपासत नाही."

काकूंनी इथलं नागरिकत्व घेतलं होतं, काकांनी नाही. काका का घेत नाहीत हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि काकूंनी का घेतलं हे विचारायची सोय नव्हती, कारण त्या तासभर सांगत. राष्ट्रगीत मलय भाषेत आहे, ते त्यांनी देवनागरीत उतरवून फ्रिजवर लावलं होतं. म्हणताना त्या ते मनापासून म्हणत, फक्त जिथे सूर वर जायला हवा तिथे त्या आरतीसारखा खाली आणत.

यावरून एकदा बुओना व्हिस्टाला वाजलंही. तिथल्या एका काँडो सोसायटीच्या हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम होता, आणि जेवणाआधी मोठ्या पडद्यावर बॅडमिंटनची दुहेरी लावली होती. भारत विरुद्ध सिंगापूर. पन्नास मराठी माणसं एका बाजूला आणि काकू दुसऱ्या. सिंगापूरच्या मुलींनी एक गेम घेतला तेव्हा त्या हॉलमध्ये एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. एका बँकेत मोठ्या पदावर असलेले गृहस्थ हसत, पण जरा बोचेल असं म्हणाले, "काय काकू, सासरी आल्यावर माहेर विसरलात?"

काकू वळल्या. "माहेर-सासर करू नका हो. मी काही ह्या देशाशी लग्न करून नाही आले. फॉर्म भरून आले. तीनदा भरला, दोनदा परत आला. इतकं करून मिळालेल्या देशासाठी ओरडायचं नाही तर काय घरी बसून स्वेटर विणायचा? तोही ह्या उकाड्यात?"

हॉल हसला. भारत तिसरा गेम जिंकला. काकूंनी त्या मुलींसाठीही टाळ्या वाजवल्या, "डावरीने अक्कलदाढ काढून घ्यावी" एवढं बोलून पानावर बसल्या आणि तीन वाट्या श्रीखंड खाल्लं.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं. पण शूएनचं तसं नव्हतं.

शूएन आमच्याच इमारतीत तीन मजले खाली राहायची. वीस-एकवीस वर्षांची, लांब पायांची, कमी बोलणारी, चिनी वंशाची सिंगापुरी मुलगी. शंभर मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पळायची. रोज पहाटे ती खालच्या पार्कमध्ये सराव करी आणि काकू त्याच वेळी फिरायला जात. म्हणजे फिरायला जात नसत, बाकावर बसून तिला पळवत असत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिचं नाव बदललं.

"शूएन छानच आहे गं," त्यांनी तिला समजावलं, "पण मी लांबून 'शू' ओरडले, तर लोकांना वाटेल मी मांजर हाकलते आहे."

तर शूएनची सुनंदा झाली. आणि रोज सकाळी पार्कमध्ये एकच आरोळी उठे, "सुनंदा, पळ!" शूएनला मराठीतला तेवढा एक शब्द आला. 'पळ' म्हटलं की ती पळायची. दोन वर्षांत तो तिच्या पायात इतका मुरला की काकूंनी लिफ्टजवळ कोणा दुसऱ्याला "पळ" म्हटलं तरी तिची टाच उचलली जायची. त्याचं आम्हाला हसू यायचं.

त्या वर्षी स्पर्धा इथेच होत्या. शूएनची हीट सकाळी होती. काका, काकू, मी, आणि आमच्या मागे एका शाळेची पोरं, हातात फुगवलेल्या प्लास्टिकच्या काठ्या. खाली आठ मुली ओळीत आल्या. शूएन चौथ्या लेनमध्ये होती. घोषणा झाली, शांत राहा. काकूंना हा नियम चांगला माहीत होता. बंदूक वाजेपर्यंत त्या श्वाससुद्धा घेत नसत. मुली खाली वाकल्या. "सेट." आठ कंबरा वर आल्या.

तेवढ्यात मागे एका पोराची काठी फुटली. फट्!

काकूंना वाटलं बंदूक झाली. त्या ताडकन उठल्या आणि साऱ्या स्टेडियमभर त्यांचा आवाज गेला, "सुनंदा, पळ!"

आणि सुनंदा पळाली. एकटी. पहिला अडथळा तिने फार सुंदर ओलांडला. दुसऱ्याच्या आधी तिच्या लक्षात आलं, की शेजारी कोणीच नाही.

पंचांनी लाल कार्ड दाखवलं. तिचा कोच धावत गेला, हातवारे करून प्रेक्षकांकडे बोट दाखवू लागला. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी त्याला सांगण्यात आलं, की बाकीच्या सात जणी जागच्या हलल्या नाहीत, त्यामुळे आवाजाचं कारण धरता येत नाही. शूएनने आपल्या कपड्यांची टोपली उचलली आणि ती बोगद्यातून आत गेली. वर तिने पाहिलं नाही. उरलेल्या सात जणींची शर्यत झाली. कोण जिंकलं ते आमच्यापैकी कोणालाही सांगता आलं नसतं.

परतीच्या ट्रेनमध्ये काकू ताट मांडीवर पालथं घालून बसल्या होत्या. यिशुन यायला एक स्टेशन उरलं, तेव्हा पहिल्यांदा बोलल्या.

"बरोबरच आहे. बाकीच्या सात जणींना मराठी कुठे येत होतं?"

मला हसू आलं, आणि लगेच माझीच मला लाज वाटली. काका खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर शेजारची भिंत गप्प झाली. स्पर्धा अजून आठवडाभर चालल्या, पण मोघ्यांचा टीव्ही लागला नाही. पहाटे काकू पार्कच्या उलट दिशेला फिरायला जाऊ लागल्या. लिफ्ट शूएनच्या मजल्यावर थांबेल या भीतीने त्या जिन्याने उतरत, गुडघे धरून. तीन आठवडे हे चाललं. मग एका शनिवारी काका माझ्या दारात आले. सहा वर्षांत ते आपणहून माझ्याकडे आल्याचं मला आठवत नाही.

"तिला घेऊन खाली शूएनकडे जातोस का?" ते म्हणाले. "माझ्याबरोबर यायला तयार नाही. मी तिचं ऐकून घेत नाही म्हणते."

"घेत नाही तुम्ही?"

"तीस वर्षं ऐकतोय. आता घरात इतकं शांत असतं, की मला माझी घड्याळं ऐकू येतात. मला तीन घड्याळं आहेत हे मला माहीत नव्हतं."

आम्ही गेलो. काकूंनी ते ताट वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर घेतलं होतं. दार शूएनच्या आईने उघडलं. त्यांनी काकूंना ओळखलं, आणि दाराची जाळी उघडली नाही. काकू आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या.

"मॅडम, आय ॲम द नॉइज."

आई हसली नाही. हसण्यासारखं काकूंच्या चेहऱ्यावर काही नव्हतंही. तेवढ्यात आतून शूएन आली, तिने आईला काहीतरी सांगितलं आणि जाळी उघडली. काकूंनी ताट पुढे केलं. "हे तुझ्याकडे ठेव. मी पुन्हा नाही ओरडणार. मी तुझी दोन वर्षं फुकट घालवली."

आता ही गोड बोलून 'जाऊ दे आंटी' म्हणेल, अशी माझी खात्री होती. ती तसं बोलली नाही. ती इंग्रजीतच बोलली, पण अगदी सरळ.

"आंटी, मला राग आलाय. तुमची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. माझीही होती. बंदुकीवर पळायचं असतं, मी तुमच्यावर पळाले."

"हो," काकू म्हणाल्या.

"आणि आता तुम्ही नसलात तरी ऐकू येतं. सुरुवातीच्या ब्लॉकवर पाय ठेवला की 'पळ'. सरावातसुद्धा. कोच म्हणतो, माझा स्टार्ट गेला."

काकूंचा चेहरा इतका पडला, की शूएनची आईच पुढे झाली आणि तिने त्यांना खुर्ची दिली. मग शूएन म्हणाली, "यू मस्ट कम बॅक, आंटी."

"कशाला?"

"ओरडायला. चुकीच्या वेळी. मी हलेनाशी होईपर्यंत."

असा तो उद्योग सुरू झाला. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहा वाजता, जवळच्या मैदानाच्या ट्रॅकवर. कोच म्हणायचा "सेट", आणि बंदुकीच्या आधी काकू ओरडायच्या. पहिल्या दिवशी दहापैकी नऊ वेळा शूएन सुटली. दहाव्या वेळी काकूंना खोकला आला होता. पण काकू चिवट. त्या नुसतं 'पळ' म्हणून थांबल्या नाहीत. त्यांनी शिंकून पाहिलं, मोरया म्हणून पाहिलं, आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीला ज्या शिव्या द्यायचं राहून गेलं होतं त्या देऊन पाहिल्या. एकदा त्या जिवाच्या आकांताने "स्नेक!" असं ओरडल्या. शूएन हलली नाही. कोच पळाला.

मी कधीमधी ऑफिसच्या आधी जाऊन बघायचो. वाकलेली ती मुलगी, मागे तीन हातांवर उभ्या काकू, आणि मधली ती शांतता. महिने जात होते. हळूहळू त्या शांततेत काकू काहीही ओरडल्या तरी पुढची पाठ दगडासारखी राहू लागली. एका सकाळी शूएन वीसपैकी वीस वेळा थांबली, तेव्हा काकू मटकन गवतात बसल्या. "आता माझं कोणी ऐकत नाही," त्या म्हणाल्या. इतक्या खुशीत हे वाक्य बोललेली दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

दोन वर्षांनी ज्या देशाची पाळी होती त्याने ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि स्पर्धा पुन्हा सिंगापुरातच आल्या. शूएन फायनलमध्ये पोचली. काकू आपला नियम मोडून फायनलला आल्या. "सेट" झालं, तेव्हा काकांनी शांतपणे आपला हात त्यांच्या तोंडावर ठेवला. काकूंनी तो ठेवू दिला. बंदूक वाजली, काकांनी हात काढला, आणि मग पुढची तेरा-चौदा सेकंदं आमच्या आसपासच्या दोन रांगांना काहीच ऐकू आलं नाही.

शूएन चौथी आली. तिसरीच्या मागे अगदी केसभर.

काकू नाचत होत्या. "चौथी! चौथी आली!" पुढच्या रांगेतला एक तरुण वळून म्हणाला, "आंटी, नो मेडल लाह."

"आफ्टर थ्री, व्हॉट कम्स?" काकूंनी विचारलं.

"फोर?"

"देन क्लॅप."

त्याने वाजवल्या. त्याच्या बायकोनेही वाजवल्या.

शूएन नंतर कठड्यापाशी आली. घामाने भिजलेली, थोडी रडलेली. खालून म्हणाली, "आंटी, मला आज काहीच ऐकू आलं नाही. स्टार्टलाही नाही, नंतरही नाही. अगदी शांत होतं."

"म्हणजे माझं सगळं ओरडणं फुकट गेलं की!" असं म्हणून काकू रडायला लागल्या. तेही मोठ्याने. हळू रडणं त्यांना जमत नव्हतं.

त्याच महिन्यात काका-काकू मेलबर्नला असलेल्या आपल्या लेकीकडे जायचे होते, कायमचे. काकांच्या छातीचं दुखणं वाढलं होतं आणि मुलीने हट्ट धरला होता. मलाही तेव्हा कामाचा इतका रेटा होता, की त्यांचा निरोप मी दारातच, एक पाय लिफ्टमध्ये ठेवून घेतला. त्यामुळे तो निरोप मी धरत नाही. मी धरतो तो त्याच्या आधीचा, स्पर्धांच्या शेवटच्या दिवसाचा.

त्या सकाळी मी बसने चाललो होतो. चालण्याच्या शर्यतीसाठी समुद्राकडचा रस्ता अर्धा बंद ठेवला होता आणि आमची बस बराच वेळ एका जागी अडकली होती. शर्यत केव्हाच संपली असावी, कारण केशरी कोन उचलून एका ट्रकमध्ये टाकायचं काम चालू होतं. ऊन रणरणत होतं. आणि त्या रिकाम्या रस्त्यावर अजून एक मुलगी चालत होती. शेवटची. तिच्या छातीवरचा झेंडा मला ओळखता आला नाही. आमच्याहून कितीतरी गरीब, कुठल्यातरी लहानशा देशाचा होता. तिच्याबरोबर तिचं कोणी नव्हतं.

फुटपाथवरून तिच्या बरोबरीने काकू चालल्या होत्या. चालल्या म्हणजे, ती स्पर्धेतलं चालत होती आणि काकू तिला गाठण्यासाठी जवळजवळ धावत होत्या, गुडघे सांभाळत, पदर खोचून. बसच्या बंद काचेतून मला आवाज येत नव्हता. त्यांचं तोंड मात्र एकसारखं चालू होतं. मुलीला त्यातलं काही कळत असेल असं वाटत नव्हतं, पण दर थोड्या वेळाने ती मान हलवायची.

पुढे दोन कामगार कोन उचलत होते. काकू त्या मुलीला मागे टाकून तरातरा त्यांच्यापर्यंत गेल्या, हात नाचवून त्यांना काहीतरी सांगितलं. ते दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग काकूंनी ट्रकमधला एक कोन स्वतः ओढून काढला आणि रस्त्यात पुन्हा उभा केला. मग दुसरा. मग तिसरा. तिसऱ्या कोनाला तो कामगारही वाकला आणि हात लावू लागला.

आमची बस सुटली.